पिकअपचं ऑइल घरी बदललं, आता फिल्टरपाशी थेंब धरतोय. रात्री कल्याण गाठायचंय

टोमॅटोपिकअप (जुन्नर तालुका), दुपारी १२.५०

राम राम मंडळी. गाडी बोलेरो पिकअप, २०१४ ची. रोज नारायणगावच्या बाजारात टोमॅटो, आणि भाव बरा असला की माळशेज उतरून कल्याण. आज रात्री नऊला कल्याणचा माल घेऊन निघायचंय, म्हणून घाईत लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आजवर ऑइल गॅरेजलाच बदलायचो. दोन वर्षांपूर्वी फिल्टर नवा बसला तेव्हा त्यावर मी मार्करने तारीख टाकली होती. सहज, डोक्यात काही नव्हतं. मध्ये दोनदा सर्व्हिसिंग झालं आणि दोन्ही वेळा बिलात 'ऑइल फिल्टर' लिहून आला. परवा टायर बघायला खाली वाकलो तर फिल्टर तोच, तारीख तीच, अक्षर माझंच. भांडायला गेलो नाही. गावातलंच माणूस, उद्या लग्नात पंगतीला शेजारी बसायचं. म्हटलं, आता आपलं आपणच करायचं.

काल संध्याकाळी गाडी अंगणात घेतली. अंगणाला उतार आहे, मागची चाकं ओट्याकडे वर आणि तोंड रस्त्याकडे खाली. चाकांना दगड लावले. पिकअप उंच, त्यामुळे जॅकची गरज पडली नाही, पोतं टाकून सरपटत आत गेलो. पाच मिनिटं इंजिन चालवून ऑइल कोमट करून घेतलं होतं. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट हलेना. रिंग पान्याला पाइप लावला तेव्हा कट्ट आवाज करून सुटला, आणि पहिली धार घमेल्यात न पडता माझ्या बाहीत शिरली. पोरगा टॉर्च धरून उभा होता, तो इतका हसला की उजेड सगळा ढगात.

फिल्टरने खरा घाम काढला. पट्टा पाना नुसता घसरत होता. शेवटी स्क्रू ड्रायव्हर हातोडीने आरपार ठोकला. पत्रा टराटरा फाटला, पण फिरला एकदाचा. खालून हात घालून जागा फडक्याने पुसली, नवा फिल्टर बसवला आणि चेन पान्याने चांगला आवळला. १५डब्ल्यू-४० ऑइलचा साडेसात लिटरचा डबा आणला होता, गेज (पातळी बघायची पट्टी) बघत बघत वरच्या खुणेपर्यंत ओतलं.

आता अडचण अशी. पहिल्यांदा स्टार्ट केली तेव्हा ऑइलचा लाल दिवा पाच-सहा सेकंद राहिला, मग गेला. दुसऱ्यांदा लगेच गेला. सकाळी बाजारात जाऊन आलो आणि गेज काढून पाहिलं, तर ऑइल काळंकुट्ट! काल डब्यातून ओतलं तेव्हा मधासारखं होतं. बनावट माल गळ्यात मारला का? आणि तिसरी गोष्ट, फिल्टरच्या कडेला थेंब धरतोय. मिनिटाला एक असेल. चेन पान्याने अजून अर्धा फेरा आवळला तर कमी झाला, पण थांबला नाही. अजून आवळू का?

---

डिझेलदास (पुणे), दुपारी १.१५

मित्रा, राग मानू नकोस, पण तीनशे-चारशे रुपये मजुरी वाचवायला हे उद्योग कशाला? अधिकृत सर्व्हिस सेंटरला दे, पावती ठेव, मोकळा हो.

आणि हा धागा वाचून कोणी नवीन गाडीला हेच ऑइल ओतू नये म्हणून सांगतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. साध्या ऑइलमधली राख त्या जाळीत बसते, आणि ती काजळीसारखी जळून जात नाही. त्या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर 'सीके-४' किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं मानक बघून घ्या. तुझी २०१४ ची आहे, तुला सीएच-४ किंवा सीआय-४ दर्जाचं चालेल. थेंबाचं म्हणशील तर थोडं अजून आवळून बघ.

---

आगारातला (नगर), दुपारी १.३२

आवळू नकोस. पुण्याच्या भावाचा शेवटचा सल्ला सोडून बाकी सगळं बरोबर आहे.

एसटीच्या आगारात ३१ वर्षं खड्ड्यात उभं राहून काढलीत, खड्डा म्हणजे गाडीखालचा बरं का. आधी एकच सांग. फाडून काढलेला जुना फिल्टर फेकलास का घरात आहे? घरात असेल तर तो उलटा धरून बघ. तोंडाच्या खाचेत काळी रबरी रिंग असायला पाहिजे. आहे का?

तोवर गाडी स्टार्ट करू नकोस. बाजूला घ्यायला, धुवायला, कशालाच नाही.

---

टोमॅटोपिकअप, दुपारी १.४१

फिल्टर गोठ्यामागे टाकलाय. बघतो. पण काका, गाडी सकाळी बाजारात जाऊन आली की. वीस किलोमीटर जाऊन-येऊन. काही झालं नाही.

---

आगारातला, दुपारी २.०५

झालं नाही हे नशीब. का ते सांगतो, तू शोध तोवर.

तुझा फिल्टर दोन वर्षं एका जागी बसून होता. रबर गरम-थंड होऊन कडक होतं आणि इंजिनाच्या तोंडाला पापडासारखं चिकटतं. फिल्टर फिरवून काढला की पत्र्याचा डबा हातात येतो, रिंग तिथेच राहते. तू खालून फडकं फिरवलंस, टॉर्चचा उजेड पोराच्या हसण्यात गेला. काळ्या ऑइलात काळी रिंग, दिसणार कशी? त्यावर तू नवा फिल्टर बसवलास, त्याची स्वतःची रिंग आहेच. म्हणजे आता रबरावर रबर. एक रिंग पत्र्याच्या खाचेत धरलेली असते, ती कुठे जात नाही. दुसरीला कशाचाच आधार नाही. आवळशील तितकी ती बाहेर सरकणार. म्हणून तर अर्धा फेरा आवळल्यावर थेंब कमी झाला पण बंद झाला नाही.

आणि ती सरकते कधी? उद्या पहाटे, कल्याणच्या बाजारात माल उतरवून गार झालेल्या गाडीला सेल मारशील तेव्हा. थंड ऑइल घट्ट असतं, दाब चार-पाच किलोपर्यंत सहज चढतो. रिंग एका अंगाने निसटली की थेंब राहत नाही, पिचकारी होते. चेंबर रिकामं व्हायला एखादं मिनिट पुरतं. लाल दिवा लागेल, पण बाजाराच्या गर्दीतून गाडी काढताना तुझं लक्ष दिव्याकडे असेल का रस्त्याकडे? बेरिंगं धरली की मग क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं काम. त्या बिलात असे फिल्टर पोत्याने येतील.

मी शिकाऊ असताना आमच्याकडच्या जुन्या गाड्यांना असा फेकायचा डबाच नव्हता. लोखंडी वाटी असायची, आत कागदाची पुंगळी, आणि वाटीची रिंग वर इंजिनाच्या खाचेत. ती जुनी रिंग सुईने उकरून काढावी लागे. मी एकदा काढलीच नाही, वरून नवी दाबली. फोरमनने गाडी चालू करायला लावली आणि स्वतः चार पावलं मागे सरकून उभा राहिला. मला वाटलं मान देतोय. माझ्या अंगावरचा खाकी त्या दिवसापासून काळाच.

आता तुझे बाकीचे दोन प्रश्न.

काळं झालं म्हणजे बनावट, असं नसतं. डिझेलचं ऑइल वीस किलोमीटर काय, दहातही काळं होतं. चेंबरमधून कितीही निथळलंस तरी वरच्या नळ्यांत, कुलरमध्ये, हेडमध्ये जुनं थोडं राहतंच, ते नव्यात मिसळतं. शिवाय ऑइलमध्ये साबणासारखं द्रव्य घातलेलं असतं. इंजिनाच्या भिंतीवरची काजळी सोडवून अंगावर घ्यायची, खाली बसू द्यायची नाही, हेच त्याचं काम. धुण्याचं पाणी काळं झालं म्हणून साबण खोटा म्हणतोस का? उलट डिझेल इंजिनात हजार किलोमीटरनंतरही ऑइल पिवळंधमक राहिलं तर मला शंका येईल. पारख करायची तर रंगावर नको. गेजवरचा थेंब अंगठा आणि बोटात चोळ. कचकच लागली तर वाईट. दुधट दिसलं तर पाणी शिरलंय. डिझेलचा भपकारा आला आणि पातळी आपोआप वाढत असली तर पंप किंवा इंजेक्टर बघायला हवा. यातलं काही नसेल तर निवांत राहा.

दिव्याचंही तसंच. नवा फिल्टर कोरडा असतो, पंप आधी तो भरतो आणि मग दाब पुढे जातो. एकदाच पाच-सहा सेकंद लागले तर ठीक. रोज सकाळी लागायला लागले तर समज की फिल्टरच्या आतला ऑइल अडवणारा रबरी पडदा बाद आहे, रात्री फिल्टर रिकामा होतोय. आणि दहा सेकंदांनीही दिवा गेला नाही तर एक्सलेटर न दाबता बंद करायची.

अजून एक. उताराला गाडी लावून गेज बघितलंस ना? मग ते गेज खोटं बोललं. रस्त्यावर सपाटीला लावल्याशिवाय मानू नकोस.

---

टोमॅटोपिकअप, दुपारी २.२०

काका.

रिंग नाही.

फिल्टर सापडला, कुत्र्याने ओढत बांधापर्यंत नेला होता. खाच रिकामी. बोट फिरवून बघितलं, नखाने उकरून बघितलं. नाहीच.

सकाळी पोराला शाळेत सोडायलाही हीच गाडी नेली होती. आता पायातलं बळ गेल्यासारखं झालंय. पुढे काय करू ते सांगा. नवा फिल्टर परत आणावा लागेल का? नारायणगावला जायचं तर मोटरसायकलने जाईन.

---

आगारातला, दुपारी २.३१

घाबरू नकोस, वेळेत कळलं. फिल्टर कालचाच आहे, तो चालेल, फक्त त्याची रिंग कापली किंवा फुगली नसली पाहिजे.

गाडी ढकलत का होईना सपाटीला आण. स्टार्ट करायची नाही. खाली स्वच्छ भांडं ठेव, मातीचं घमेलं नको. फिल्टर सोडव, त्यातलं आणि वरून निथळणारं मिळून अर्धा-पाऊण लिटर येईल. मग टॉर्च दातात धर, पोराला देऊ नकोस, आणि इंजिनाच्या तोंडाकडे नुसतं बघू नको, बोट फिरव. जुनी रिंग सपाट, कडक लागेल. नखाने किंवा लाकडी काडीने काढ. स्क्रू ड्रायव्हरने उकरलंस तर त्या चकचकीत जागेवर चरा पडेल आणि तो जन्मभर गळेल. जागा कोरड्या फडक्याने पूस. फडकं सुती घे, धागे सुटणारी चिंधी नको.

नव्या फिल्टरची रिंग पूस, नव्या ऑइलचं बोट तिच्यावरून फिरव. कोरडं रबर आवळताना मुरडतं. फिल्टर हाताने फिरवत ने. रिंग टेकल्याचं हाताला कळतं. तिथे मार्करने एक रेघ मार, तुझ्याकडे मार्कर आहेच, आणि तिथून पाऊण फेरा, हातानेच. चेन पाना काढायला असतो, बसवायला नाही. तू काल चेन पान्याने आवळलास म्हणजे पुढच्या वेळेचा स्क्रू ड्रायव्हर तूच ठोकून ठेवलास.

आजूबाजूचं सगळं सांडलेलं ऑइल पुसून काढ, नाहीतर जुना ओघळ बघून रात्रभर शंका घेत बसशील. मग स्टार्ट करून दोन मिनिटं आळसात चालू दे, बंद कर, अर्धा तास थांब, मग गेज.

चेंबरच्या नटाचं वायसर नवं टाकलं होतंस का?

---

टोमॅटोपिकअप, दुपारी २.३६

नाही. जुनंच, तांब्याचं. गळत नाहीये.

---

आगारातला, दुपारी २.४०

गळत नाही तर आज हात लावू नकोस. पुढच्या वेळी नवं घे, पाच-दहा रुपयांची वस्तू. नाही मिळालं तर जुनं गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाकायचं. लोखंड असं केलं तर कडक होतं, तांबं नरम पडतं आणि पुन्हा नीट बसतं. आणि त्या नटाला सोडताना पाइप लावलास ते माफ, बसवताना लावू नकोस. चेंबरचे आटे गेले तर ते काम तुझ्या अंगणात होणार नाही.

---

द्राक्षवाली (तासगाव), दुपारी ३.५५

वाचून काढलं सगळं. काका, तुम्ही रोज लिहीत जा इथं.

भाऊ, तुमचं इंजिन वाचलं, पण घमेल्यातल्या काळ्या ऑइलचं काय करणार आहात ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून विचारते. आमच्याकडे ट्रॅक्टर दोन आणि पिकअप एक. सासरे हयात होते तोवर जुनं ऑइल बागेच्या लाकडी खांबांना वाळवीसाठी फासायचे आणि उरलेलं ओढ्याच्या कडेला खड्ड्यात. एका पावसाळ्यात तो खड्डा भरून वाहिला. विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग आला आणि म्हशींनी तोंड लावायचं सोडलं. आम्ही मोटर लावून दोनदा उपसा केला, तरी दिवाळीपर्यंत पाण्याला वास होता. त्या वर्षी फवारणीचं पाणीही शेजाऱ्याच्या बोअरवरून आणलं.

२०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल सरळ नाव घेऊन आहे. ते मातीत, गटारात टाकता येत नाही, आणि गोळा करणाऱ्याकडे प्रदूषण मंडळाची परवानगी लागते. एकट्या माणसाला पाच-सहा लिटरसाठी कोण दारात येणार, हे मलाही कळतं. मी काय करते ते सांगते. ज्या डब्यातून नवं ओतलं, त्याच डब्यात नरसाळ्याने जुनं भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि वर खडूने 'जुनं' लिहायचं. असे तीन-चार डबे साठले की सांगलीला मोठ्या गॅरेजमध्ये नेऊन देते, त्यांचा बॅरल परवानाधारक माणूस उचलतो. त्यात डिझेल, कूलंट, पाणी काही मिसळायचं नाही, मग ते घेत नाहीत.

फिल्टर आठ-दहा तास उलटा निथळत ठेवा आणि मग भंगारात. कुत्र्याच्या तोंडी नको. आणि जनावरांच्या जखमेवर काळं ऑइल लावायची पद्धत तुमच्याकडेही असेल तर ती बंद करा. डॉक्टर आमच्यावर ओरडले होते.

---

टोमॅटोपिकअप, संध्याकाळी ६.१०

निघाली!

मळ्यातले दोघं बोलावून गाडी ढकलत शाळेसमोरच्या सपाट रस्त्यावर नेली. फिल्टर सोडवताना हाताने हलेना, शेवटी कालचाच चेन पाना. काका, तुम्ही बोललात ते लागलं. वर बोट फिरवलं तर खरंच, कडक, चपटी, एका बाजूने अर्धा इंच बाहेर आलेली. अर्धा इंच! नखाने उचकटली तर खाटकन तुटूनच हातात आली, रबर कसलं, सुकलेली शेंग. दोन्ही तुकडे जोडून बघितले, पूर्ण वर्तुळ आहे, आत काही राहिलं नाही.

नव्या फिल्टरची रिंग चांगली होती. ऑइलचं बोट फिरवलं, टेकल्यावर रेघ मारली, पाऊण फेरा हाताने. इतक्या सैल हाताने बसवलेली वस्तू थांबेल यावर विश्वास बसत नव्हता. स्टार्ट केली, दिवा चार सेकंद, मग गेला. खाली वर्तमानपत्र पसरून बसलो. दहा मिनिटं. एक थेंब नाही.

गेजची गंमत ऐका. सपाटीवर अर्ध्या तासाने बघितलं तर वरच्या खुणेच्या जरा खाली, बरोब्बर. आणि हे फिल्टर सोडवताना पाऊण लिटर बाहेर गेल्यावर, वर एक थेंब न ओतता! म्हणजे काल उतारावर मी तेवढं जास्त ओतून बसलो होतो.

ताई, तुमचं वाचून घमेलं उचललं. खोटं कशाला सांगू, ते मी बांधावर ओतणार होतो, विहीर खाली चाळीस पावलांवर आहे. आता साडेसात लिटरच्या डब्यात भरलंय. 'जुनं' असं मार्करने लिहिलंय.

---

आगारातला, संध्याकाळी ६.२५

जास्तीचं ऑइल गेलं ते उत्तम झालं. जास्त असलं की क्रँक त्यात घुसळण करतो, ताकासारखा फेस होतो, आणि फेसाला दाब धरत नाही. डिझेल इंजिन तर श्वासनळीतून ते ऑइल ओढून स्वतःच जाळायला लागतं, मग चावी काढली तरी बंद होत नाही. एकदा बघितलंय, पुन्हा बघायची इच्छा नाही.

वाटेत एकदा थांबून खाली टॉर्च मार. त्या तुकड्यांना फेकू नकोस.

---

डिझेलदास, संध्याकाळी ७.०२

'थोडं अजून आवळून बघ' हे वाक्य मागे घेतो. काका, माझ्या कारच्या गेजबद्दल एक विचारायचं होतं, वेगळा धागा काढतो.

---

टोमॅटोपिकअप, पहाटे ३.५०

कल्याण. माल उतरतोय, पासष्ट क्रेट. मुरबाडला चहाला थांबलो तेव्हा आणि आता इथे, दोन्ही वेळा खाली घुसून हात फिरवला. फिल्टर कोरडा, बोटाला फक्त धूळ. हमाल विचारतोय, शेठ, काय हरवलंय का खाली?

रिंगचे दोन तुकडे डॅशबोर्डवर ठेवलेत. नव्या फिल्टरवर तारीख टाकलीय, आणि शेजारी किलोमीटर पण.